खालची कड

खिडकी निघाली तेव्हा कळलं
तिच्याखालचं लाकूड काय राहिलंय:
चहात विसरलेली खारी.
आर्ने कोस्केलाने त्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला,
तो मुठीपर्यंत आत गेला, आवाज न करता.
"वीस वर्षं," तो म्हणाला.
मग वाकून वास घेतला. "पंचवीस."

मी उभा. हातात टेपचं भेंडोळं,
काहीतरी धरायला द्या, असं मीच म्हटलं होतं.
एकतीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर,
कराड, पाटण, कोयनेकाठच्या शाळा, दवाखाने,
आणि इथे अ‍ॅस्टोरियात, मुलीच्या घरी,
नदी समुद्राला मिळते त्या टेकडीवर
माझी नेमणूक भेंडोळ्यावर.

छज्जा कुठाय, मी विचारलं.
आमच्याकडे छज्जा असतो, त्याच्या पोटाला बारीक खाच,
पाणी तिथवर येतं, थेंब होऊन सुटतं.
शलाकाने त्याला ते इंग्रजीत सांगितलं.
आर्ने हसला. इथे पाऊस पडत नाही, म्हणाला,
चालत येतो. आडवा. ओळख असल्यासारखा.

आधी खालून.
बैठकीवर लाकडाची पाचर, उतार बाहेरच्या अंगाला.
हे मला सांगावं लागलं नाही,
उतार तो उतार, पाटण काय नि ऑरेगन काय.
त्यावर टेप, कोपऱ्यात वर वळवलेली,
बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी, चुणी पडू न देता.
मग तांब्याभर पाणी ओतून बघितलं. गेलं.
मग खिडकी.
त्याची नात टिल्डा बाहेर शिडीवर,
नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत
अंगठा हलवत, जरा, अजून जरा.
मग बाजूच्या पट्ट्या, खालचीवर चढवून,
मग वरची, बाजूच्यांवर चढवून,
आणि भिंतीचा उचलून धरलेला कागद
पदरासारखा वरून खाली.
कौलं शाकारतात तेच की हे,
मी मराठीत म्हटलं, कुणालाच उद्देशून नाही.

भेंडोळ्यात टेप उरली होती.
मी खालच्या कडेकडे बोट केलं.
आर्नेने मान हलवली. ती तशीच.
मी पुन्हा बोट केलं.
अर्धवट कामाचं बिल मी आयुष्यात पास केलं नाही.

तेव्हा त्याने राडारोड्यातून
जुन्या चौकटीचा तुकडा उचलून आणला.
चारी बाजूंनी सिलिकॉन, जाड, पांढरं,
बोटाने दाबून दाबून भरलेलं.
ज्याने केलं त्याने जीव ओतून केलंय,
शलाका मला त्याचं बोलणं सांगत होती,
कुठूनच पाणी शिरू नये म्हणून.
शिरलं. ते शिरतंच, बाबा.
मग त्याला निघायला...
आणि तिथे ती थांबली,
सोपा शब्द होता तरी.

दोन वर्षांपूर्वी, फोनवर, ती रडत असताना
मी म्हटलं होतं, झालं ना, आता हा विषय बंद.
तिने केला बंद.
माझीच मुलगी. काम चोख.
गावात विचारणाऱ्यांना मी सांगत राहिलो,
दोघांनाही सुट्टी मिळत नाही.

चारला ते गेले. साडेचारला पाऊस आला,
आर्ने म्हणाला होता तसा, चालत,
नदीवरून, बंदरातल्या जहाजांच्या मागून,
आणि नव्या काचेला तोंड लावून उभा राहिला.
मी बैठकीवरून हात फिरवला. कोरडी.
पुन्हा फिरवला. सवय आहे.

शलाका चहा घेऊन आली.
खिडकीकडेच बघत म्हणाली,
गाडी त्याने विकली ना, ते मला बँकेकडून कळलं.

बाहेर खालच्या कडेला
एक थेंब जमत होता, की मलाच वाटलं.

मी भेंडोळं खाली ठेवलं.
मग, मी म्हटलं.
मग काय झालं?